पुलाचा खाडा

सांजणी नदीवरचा दगडी पूल मधोमध वाकलेला आहे. वाडवलीच्या काठावरून तो निघतो सरळ, पण सातव्या कमानीपाशी कोणी हाक मारल्यासारखा वरच्या अंगाला वळतो, आणि मग उंबरठाणचा काठ गाठतो. हे वळण पाहायला लांबलांबून माणसे येतात. कोणी म्हणते, पाण्याचा जोर मोडायची ही युक्ती. कोणी म्हणते, शोभा. फोटो काढणारे एकाच दिवशी दोन्ही काठांवरून फोटो काढतात आणि घरी गेल्यावर हे दोन वेगळे पूल आहेत का, असे त्यांना विचारले जाते.

माघी पौर्णिमेला जो येतो त्याची मात्र पंचाईत होते. त्या दिवशी पुलाच्या दोन्ही तोंडांशी कमरेच्या उंचीवर आंब्याच्या पानांचे तोरण आडवे बांधलेले असते, आणि त्याखालून कुत्रेही जाऊ देत नाहीत. गावचे लोक याला पुलाचा खाडा म्हणतात. ज्याला पलीकडे जायचे त्याने घाट उतरून तरीने जायचे. तर म्हणजे रुंद, सपाट बुडाची होडी. पाहुणे चरफडतात. पूल बघायला आलो आणि पुलावरच जायचे नाही, हा कुठला न्याय, असे घाटावरच्या सोनबाआबा भोयांना विचारतात. आबांना याची सवय आहे. "बसा," ते म्हणतात, "तर यायला वेळ हाय. तवर ऐका."

ही गोष्ट आबांनी आजीकडून ऐकली आणि आजीने तिच्या सासूकडून. गोष्ट सासूसुनांच्या वाटेने आलेली आहे, हे ते मुद्दाम सांगतात.

पूल नव्हता तेव्हा सांजणीवर उंबरठाणच्या येसबा भोयाची तर चालायची. माणसे, शेळ्या, नवरदेव, प्रेते, सगळे त्याच्याच हाताने पलीकडे जायचे. बायको लवकर गेलेली, लेक एकच, गजरा. दहाव्या वर्षापासून ती बापाबरोबर तरीवर काठी टेकवायला असे. नदी तिला डोळ्यांपेक्षा त्या काठीने अधिक ठाऊक होती. कुठे वाळू, कुठे गाळ, कुठे काठी बुडतच जाते, हे तिच्या तळहाताला कळे.

जहागीरदाराने पूल बांधायचे मनावर घेतले आणि घाटाखालून हणमंता पाथरवट आणला. त्याचे बांधकाम सुतासारखे सरळ असते अशी त्याची ख्याती. दोन्ही काठांकडून कमानी चढत आल्या, पण मधला खांब काही उभा राहीना. हणमंताच्या सरळ रेषेत नेमका डोह येत होता. पहिल्या वर्षी खांब पावसाळ्यात गेला. दुसऱ्या वर्षी पाया शोधायला वाडवलीच्या ठकूबाईचा थोरला, भिकू, डोहात उतरला. तो वर आलाच नाही. नदीने माणूस घेतले, आता तरी खांब टिकेल, असे लोक हलक्या आवाजात बोलले. त्या पावसाळ्यात तोही खांब गेला.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात गजराचे लग्न झाले, ते त्याच घरात, भिकूच्या धाकट्या भावाशी, राघूशी. सोयरीक पाळण्यातली होती, ती मोडायला कारण नव्हते. बापाने स्वतःच्या तरीतून लेकीला सासरी नेले. नदीच्या मध्यावर, डोहापासून थोडे वर, त्याने तर थांबवली आणि काठी खाली सोडली. काठी कमरेइतक्या पाण्यात खटकन टेकली. खाली कातळ होता, म्हशीच्या पाठीसारखा. भोयाच्या घराबाहेर ही खूण कुणाला ठाऊक नव्हती. वर्षानुवर्षे पुराच्या पाण्यात तर सावरायची ती तिच्याच आधाराने. येसबाने लेकीचा हात काठीवर ठेवून घेतला.

"ही पाठ तुझ्या तोंडून कुणाला कळता कामा नये," तो म्हणाला. "बोल, नदीची आण."

तिने आण घेतली. आपण काय कबूल केले ते तिला सासरचा उंबरा ओलांडल्यावर कळले, असे सांगतात.

माहेरच्या अंगणातून पूल दिसायचा तो चोरासारखा, रोज थोडा जवळ सरकणारा. सासरी त्याच पुलाच्या मजुरीवर चूल पेटायची. ठकूबाई तर त्याच्याकडे पाठ करूनच भांडी घासायची. तिच्या लेखी ती लेकाची जागा होती. गजराला ना चोर दिसे ना चूल. तिला दोन्हींमधली रिकामी जागा दिसे. दिवसभर पाथरवटांच्या टाक्यांचा आवाज चाले, या काठाला टक, त्या काठाला टक, आणि तिचे हात कुठल्याच कामात टिकेनात. नदीवर जायची ती घागर न भरताच परतायची. ठकूबाईची जीभ तिखट. ती शेजारणीला ऐकू जाईल अशी बोलली, "माझी सून पाण्याला जाती आन् कोरडी घागर आणती. माहेरची नदी हाय ना, उपसायला जीवावर येत असंल."

पौष संपता संपता ठरले की या खेपेला राघूने उतरायचे. मुहूर्त निघाला. गजरा तरीत बसून बापाकडे गेली आणि आणेतून मोकळी कर म्हणाली. येसबा जाळे विणत होता, त्याने मान वर केली नाही.

"पूल झाला की ह्या तरीत शेरडूही बसायचं न्हाई," तो म्हणाला.

"आन् थोरले भावजी गेले, त्याचं काय?"

"मी न्हवतं बोलावलं त्येंना."

ती परत आली. सगळ्या वाटेत तरीत उभीच होती म्हणे, बसवेना.

मुहूर्ताच्या सकाळी दोन्ही काठ माणसांनी भरले. राघूच्या कमरेला दोर बांधला तो ठकूबाईने स्वतः. बायकोचा चेहरा पाहून राघू हसायला गेला. "गाठ आयची हाय," तो म्हणाला, "नदी सोडंल, आय सोडायची न्हाई."  गजरा गर्दीतून मागे सरली, काठाकाठाने वरच्या चिंचेपर्यंत चालत गेली, कासोटा घट्ट खोवला आणि पाण्यात शिरली.

यानंतर काय झाले ते कोण कुठे उभा होता त्यावर आहे. वाडवलीच्या काठावरून लोकांनी पाहिले ते नदीच्या मधोमध एक बाई पाण्यातून वर आली आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. बाया हात जोडायला लागल्या. उंबरठाणकडच्यांच्या डोळ्यांवर ऊन होते. त्यांना वाटले, ओंडका अडकलाय. हणमंता बांधकामाच्या परांचीवर होता, त्याला वरून फक्त केस दिसले आणि तो ओरडला की कुणीतरी बुडतंय. एकटा येसबा आपल्या तरीत बसल्या जागेवरून उठला नाही. त्याला ती पाठ दिसत होती.

गजरा बोलली नाही. हाका आल्या, तिने मान हलवली नाही. मग ती चालायला लागली. चार पावले या अंगाला, चार त्या अंगाला, पुन्हा माघारी, घरातली ओसरी मापावी तशी. ओठ निळे पडले होते. नदीवर चालणारी सून पाहून पहिल्यांदा समजले ते ठकूबाईला. तिने राघूच्या कमरेची गाठ सोडायला घेतली.

हणमंतालाही समजले, पण त्याला ते नको होते. पाया तिथे धरायचा तर पूल वाकवावा लागणार, आणि वाकडा पूल बांधणारा म्हणून आपल्याला सात गावे हसतील, असे तो म्हणाला.

"हसू देत," ठकूबाई म्हणाली. "माझी दोन्ही पोरं घालून सरळ बांधशील, तर तो बघायला मी येणार न्हाई."

गजराला पाण्यातून काढायला होडी एकच होती. सगळे येसबाकडे पाहू लागले. तो गेला. लेकीला हाताला धरून वर घेतले, स्वतःचे घोंगडे तिच्या खांद्यावर टाकले आणि तिला वाडवलीच्या घाटाला आणून सोडले. तेव्हा तो जे बोलला ते मात्र शब्दन् शब्द सांगतात. "तोंडानं बोलली न्हाईस, आण राहिली. तर मातूर बुडवलीस." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

पूल वाकला. म्हशीच्या पाठीवर खांब उभा राहिला आणि पावसाळाभर हलला नाही. पुढल्या माघी पौर्णिमेला जहागीरदाराने ढोलताशे लावून तो खुला केला. दोन्ही गावे पुलावर लोटली. वळणावर उभे राहून नदी पहिल्यांदाच वरून पाहताना लोकांचे भान हरपले. आणि अशात कुणाला तरी खाली वाडवलीच्या घाटावर गजरा दिसली, एकटी. ती तरीला हाक घालत होती.

पलीकडे येसबा पालथ्या घातलेल्या तरीवर बसला होता. तो हलला नाही. वरून कुणी हसले, पूल असताना हिला तर कशाला हवी. तिने दुसरी हाक घातली. येसबाने तोंड फिरवले. ती घाटावर येरझारा घालू लागली, पाण्यापर्यंत आणि परत, पाण्यापर्यंत आणि परत. मग वळणावरून राघू निघाला, पूल उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे ठकूबाई, गुडघे धरत. "पुलावर ऊन लागतंय," एवढेच ती म्हणाली, आणि पायरीवर बसली. ठकूबाई उतरली म्हटल्यावर भावकी उतरली. ज्यांनी आयुष्यभर त्या तरीतून ये-जा केली होती त्यांना वर उभे राहणे जड जाऊ लागले. होता होता पुलावर ढोलवालेच उरले, आणि मग तेही गळ्यात ढोल घेऊन खाली आले.

तिसरी हाक सगळ्या घाटाने मिळून घातली.

येसबाने तर सुलटी केली. अंधार पडेपर्यंत तो खेपा करत राहिला, कुणाशी न बोलता. शेवटच्या खेपेला गजरा होती. मध्यावर आल्यावर त्याने काठी तिच्या हाती दिली आणि आपण पुढच्या फळीवर जाऊन बसला. तर वळणाखालून निघाली तेव्हा त्याने मान वर करून पूल पाहिला, बांधायला घेतल्यापासून पहिल्यांदा, आणि बराच वेळ पाहिला.

"खालनं बरा दिसतो," तो म्हणाला.

गजराने काठी टेकवली. एवढीच त्यांची बोलणी झाली, पण झाली.

येसबा पुढे जन्मभर पुलावर चढला नाही, आणि गजरा माहेरी गेली ती तरीनेच. तिच्यामागे गावाने निदान एक दिवस तसे जायचे ठरवले.

आजही माघी पौर्णिमेला तोरण बांधले जाते, आणि आजही तर चालवणारा तारी पहिल्या हाकेला येत नाही. दुसऱ्या हाकेला तोंड फिरवतो. पाहुणे घड्याळे बघतात, येरझारा घालतात, त्याला बहिरा समजतात. सोनबाआबा त्यांना पायरीवरून उठवतात, एका ओळीत उभे करतात आणि सांगतात, आता सगळ्यांनी मिळून.