खडकदऱ्याचे मुके मागणे

खडकदऱ्याच्या ख्रिस्तमंदिरात उपासनेच्या मध्यावर सगळे एकदम गप्प होतात. पाळक फक्त एवढेच म्हणतात, "जे अजून आले नाहीत त्यांच्यासाठी," आणि खाली बघून उभे राहतात. पाहुण्यांना वाटते, बुवा पुढचे विसरले. कोणी खाकरतो, कोणी घड्याळ बघतो. इतर मंदिरांत याच वेळी माणसे अजून ख्रिस्ताकडे न आलेल्या आपल्या माणसांची नावे घेऊन, गहिवरून मोठ्याने प्रार्थना करतात. इथे मात्र नाव ओठावर आणायची मनाई आहे. ही मनाई एका बाईच्या चुकीतून आली, असे इथले म्हातारे सांगतात.

ठकूबाई तिचे नाव. मोठ्या दुष्काळानंतर तिने बाप्तिस्मा घेतला. नवरा कोंडीबा घायपाताचे दोर वळायचा आणि त्याची आई मरीआईची परडी वागवायची. कोंडीबाने बायकोला अडवले नाही. "तुला जायचं तर जा," तो म्हणाला, "पर आय हाय तवर मला वडू नगं." ठकूबाईने ते कबूल केले. ती वचनाची पक्की. अकरा वर्षे तिने घरात त्या विषयाचा शब्द काढला नाही. वाटेत ओढा होता म्हणून दर रविवारी कोंडीबा तिला सोबत करायचा, उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली दोर वळत बसायचा आणि तिला घेऊन परत जायचा. आत गीत सुरू झाले की त्याचे हात संथ होतात, हे ती खिडकीतून बघायची आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

पोळ्याच्या सुमारास म्हातारी वारली. आता कोंडीबा आज येईल, उद्या येईल, असे ठकूबाईला वाटू लागले. नाताळ गेला, तो लिंबाखालीच. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला, तरी लिंबाखालीच. अकरा वर्षे ज्या बाईचा धीर सुटला नव्हता, तिचा त्या सात महिन्यांत सुटला. त्या रविवारी उपासनेत नावे घेऊन मागायच्या वेळी ती उभी राहिली आणि रडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्रभू, सासूची आडचन तू दूर केलीस, तुजे लई उपकार झाले. आता माज्या मालकाचं दगडाचं काळीज फोड." सगळ्यांनी "आमेन" म्हटले. तेही मोठ्याने.

खिडक्या उघड्या होत्या. ठकूबाई बाहेर आली तेव्हा लिंबाखाली अर्धवट वळलेला दोर पडला होता आणि माणूस नव्हता.

तेव्हाचे पाळक दाजीबा तिच्यामागून ओट्यावर आले. त्यांचा चेहरा उतरला होता म्हणे. "ठकूबाई," ते म्हणाले, "गेल्याच शनिवारी तो माझ्याकडे येऊन गेला. म्हणाला, आयचं वरीस सरू द्या, मग येतो. पर तिला सांगू नगा. तिनं लई वाट बघितली, तिला येकदम दिसू दे." त्याला शब्द दिला होता म्हणून ते गप्प राहिले होते. वर्ष सरायला पाच महिने उरले होते.

घरी कोंडीबाने आदळआपट केली नाही. जेवताना एवढेच विचारले, "माजी आय आडचन व्हती व्हय?" ठकूबाईने त्याचे पाय धरले. त्याने तिला उठवले आणि म्हणाला, "तुज्यावर राग न्हाई. पर आय मेली म्हून जितं उपकार मानले, तितं मी कसा येऊ?" पुढच्या रविवारीही तो सोबत निघाला, पण ओढ्यापर्यंतच. तिला पाण्यातून पलीकडे नेऊन सोडायचा आणि काठावर बसून राहायचा. असे नऊ वर्षे चालले. मग तो तापाने गेला. त्याच्या लोकांनी त्याला आईशेजारी पुरले.

कोंडीबा गेला त्याच आठवड्यात दाजीबांनी मंडळी बोलावली. "आमेन आपण सगळे म्हणालो," ते म्हणाले, "तेव्हा दोष एकट्या बाईचा नाही." त्या दिवसापासून मोठ्याने नाव घेणे बंद झाले.

ठकूबाई पुढे पुष्कळ जगली. त्या शांत वेळात तिचे ओठ मात्र हलत राहायचे. ज्याच्यासाठी मागायचे तो तर गेला होता. मग ही कोणासाठी मागते? न राहवून दाजीबांनी एकदा विचारले. "मागत न्हाई," ती म्हणाली. "सासूबाईला म्हनते, चुकले."

आजही खडकदऱ्यात ती वेळ आली की माणसे गप्प होतात. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचे कोणी ना कोणी अजून बाहेर आहे. वाट बघणे कोणालाच सोपे जात नाही, आणि कधी एखादी नवी सून भान विसरून नवऱ्याचे नाव घेऊ लागते. तेव्हा शेजारची बाई तिचा हात हातात घेते आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडत नाही.