शेवंती फुलली की

एका राज्यात एक नियम होता, आणि त्या नियमाला 'का' विचारायचं नाही, असा दुसरा नियम होता. पहिला नियम असा: परक्या लेकराने एकाच दाराशी दुसऱ्यांदा शेवंती फुललेली पाहू नये. ज्यांचे आईबाप आजारात, पुरात नाहीतर दुःखात हरवले, अशी मुलं त्या राज्यात लोकांच्या घरी वाढत. घरची माणसं त्यांना न्हाऊमाखू घालत, ताप आला तर उशाशी बसत, दुधाचा दात पडला तर तो छपरावर फेकत. मग शेवंती उमलली की त्याच मुलाचं बोट दुसऱ्या घराच्या हाती दिलं जाई. नियम मोडला तर सांभाळणाऱ्याच्या घराचं छप्पर उडून जाईल, असा एका चेटकिणीचा शाप होता. छप्पर उडालेलं कोणी पाहिलं नव्हतं, कारण नियम कोणी मोडला नव्हता.

मूल घर सोडून निघालं की त्याची थोडी सावली उंबऱ्याशी मागे राही. मागे राहिलेली सावली घरच्यांना रडवते, म्हणून राजाची माणसं येत, सावलीची वळकटी करत आणि ती राजवाड्याच्या तळघरात नेऊन ठेवत. त्या राज्याच्या खजिन्यात सोनं नव्हतं, अशा वळकट्या होत्या. सावली कमी झाली की मुलाचं वजनही कमी होई, आणि सावली सरली की एखाद्या सकाळी ते मूल पक्षी होऊन उडून जाई. तिथले पक्षी बोलत, याचं कोणाला नवल नव्हतं. ते एवढंच बोलत, "हेच का घर?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढल्या छपरावर जाऊन बसत.

कृत्तिका अशाच हललेल्या मुलांपैकी. घरं बदलत ती मोठी झाली. पंजाएवढी सावली कशी कोण जाणे तिच्या पायाशी चिकटून राहिली, म्हणून ती पक्षी झाली नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून ती पायात दगडी वाळे घाली. राजाच्या पाठशाळेत ती शिकली, तिथल्या पंडितांशी भांडली, आणि शिक्षण संपल्यावर दरबारातल्या वडीलधाऱ्यांनी तिला पोचवणारीचं काम दिलं. पोचवणारीने मुलांना या घरातून त्या घरात न्यायचं. हलण्याची सवय असलेली मुलगी या कामाला बरी, असं आजीराणी म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी कळ्या धरू लागल्या तेव्हा कृत्तिका मिठागरावर पोर हलवायचा निरोप घेऊन गेली. तिथे हरबा आणि वेणू हे जोडपं मीठ पिकवी. बकुळा नावाची पाच-सहा वर्षांची पोर त्यांच्याकडे होती. तिची आई पुरात गेली होती, आणि बाप दुःखाने मुका होऊन डोंगरात भटकत होता. बकुळा याआधी हललेली होती; पांढऱ्या मिठावर तिची सावली जुन्या धोतरासारखी विरळ पडली होती. कृत्तिकेने पाहिलं आणि तिला कळलं. आता ही आणखी एकदा हलली तर पुढल्या घरापर्यंत पोचणार नाही.

बकुळा चालताना तिच्या परकराचा घेर खुळखुळत होता.

"काठात मीठ शिवलंय," वेणू म्हणाली. "खड्याचं. समुद्राकडून वारा सुटला की पोर उचलली जाते हो. तुम्ही नव्या घरी सांगा, ताई. मीठ विरघळलं की बदलायचं. आणि निजताना तिच्या बापाचं नाव घ्यायचं, ती विसरता कामा नये."

एवढं बोलून ती खाली वाकली आणि मीठ ओढू लागली. हरबा तर बोललाच नाही. त्याने जाडजूड खडे निवडून त्यांचं गाठोडं बांधलं आणि कृत्तिकेच्या हाती दिलं. तुझेही वाळे झिजलेत, असं तो हाताने खुणावून सांगत होता.

कृत्तिका परत निघाली, पण राजधानीच्या वाटेला लागली नाही. शाप घातला चेटकिणीने, तर विचारायचं तिलाच, असं तिने ठरवलं. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली कशी नाही, या विचाराने ती वाटभर चिडत गेली.

चेटकीण राज्याच्या सीमेवर, ढगांच्या डोहाकाठी राही. वाटेत तीन अडसर होते.

पहिली नदी. ती येणाऱ्याला विचारी, "तू कोणत्या घरची?" खोटं बोलणाऱ्याला ती बुडवी. कृत्तिकेला पहिलं घर आठवेना. ती म्हणाली, "एका घरी मला गोष्टी सांगत, मी त्या घरची. एका घरी मला मारत, मी त्याही घरची. एका घरी सकाळी गूळ कढत असे, तो वास अजून येतो. पण घर कुठलं ते आठवत नाही." नदीने थोडा विचार केला आणि गुडघ्यापर्यंत उतरली.

दुसरा वारा. खिंडीत तो असा वाही की हलक्या माणसाला आभाळात भिरकावून देई. कृत्तिकेचे पाय सुटले. तिने हरबाचं गाठोडं पोटाशी बांधलं, खडे ओच्यात भरले, दोन तोंडात धरले आणि खारट तोंडाने खिंड ओलांडली.

तिसरं दार. डोहाकाठी नुसतं दार उभं होतं. त्याला भिंत नव्हती, कडी नव्हती. दारासमोर जुन्या पावलांचे ठसे होते. माणसं इथवर आली होती, हात जोडून उभी राहिली होती आणि परत फिरली होती. कृत्तिकेने हात जोडून पाहिले, लोटून पाहिलं, लाथही मारली. मग तिचा संयम संपला आणि ती त्या लाकडावर ओरडली, "का?"

दार उघडलं. जन्मभर याच शब्दासाठी थांबल्यासारखं ते अलगद उघडलं.

आत एक म्हातारी सुपात ढगाचे तुकडे पाखडत बसली होती. पांढरे एकीकडे, काळे एकीकडे.

"तुमचे ते वडीलधारे अजून आहेत का?" तिने मान वर न करता विचारलं.

"आहेत."

"आणि अजून बोलतात?"

"सतत," कृत्तिका म्हणाली.

म्हातारी हसली. मग तिने सांगितलं ते असं. फार मागे राजाला ताप आला, औषधी आणायला तिला दूर जावं लागलं, म्हणून तिने आपली तान्ही मुलगी राजवाड्यातल्या दाईकडे ठेवली. परतायला वेळ लागला. आली तेव्हा पोर तिला ओळखेना. दाईच्या गळ्याला मिठी मारून रडू लागली. दाईने सांभाळलं होतं, चूक कोणाची नव्हती, पण चेटकिणीचं काळीज जळलं आणि तिच्या तोंडून शाप निघाला.

"पण रागाचा शाप टिकतो किती?" ती म्हणाली. "तो एका शेवंतीपुरता होता. फुलं सुकली तेव्हा माझा रागही सुकला. मी दाईला भेटायला गेले, तर वेशीवरूनच मला हाकललं."

"मग आम्ही अजून का भोगतो?"

"शेवंती फुलली की तुमच्या दरबारात काय होतं?"

कृत्तिकेने सांगितलं. मूल चौकात उभं करतात. अमात्य, राजगुरू आणि आजीराणी तो शाप सर्वांसमोर मोठ्याने म्हणतात, लोकांना भीती राहावी म्हणून. तीनदा म्हणतात. तीनदा पोचवणारी 'होय' म्हणते. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"शाप असाच तर घालतात," म्हातारी म्हणाली. "एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने होकार द्यायचा. मी एकदा घातला. तुम्ही दरवर्षी घालता, तेही नवीकोरी वस्त्रं नेसून."

"आणि होकार दिला नाही तर?"

"ते मला ठाऊक नाही, पोरी. आजवर कोणी करून पाहिलेलं नाही. छप्पर उडालं तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

परत येताना कृत्तिकेला त्या शेवटच्या वाक्याने झोप लागू दिली नाही. उडालं तर ते छप्पर वेणूचं असणार होतं. म्हणून ती आधी मिठागरावर गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, छपराचंही. हरबाने वर छपराकडे पाहिलं. मग तो बोलला, आणि तेवढंच बोलला. "छप्पर पुन्हा शाकारता येतं."

शेवंती फुलली. राजवाड्याच्या चौकात पिवळे ढीग लागले. एका बाजूला हरबा आणि वेणू, दुसऱ्या बाजूला नवं घर देणारं सज्जन जोडपं, मधे बकुळा. जुन्या घरातलं काही नव्या घरात जाऊ नये अशी रीत होती, म्हणून राजवाड्यातल्या बायकांनी पोरीच्या परकराचा काठ उसवला. मीठ फरशीवर सांडलं. बकुळाच्या टाचा उचलल्या गेल्या. कृत्तिकेने तिचा हात घट्ट धरला. तो हात मुठीत आलेल्या चिमणीसारखा धडधडत होता आणि मनगटावर बारीक, ओली पिसं फुटू लागली होती.

राजगुरूंनी घसा साफ केला. अमात्य नरहरपंतांनी पागोटं सावरलं. आजीराणींनी काठी आपटली, आणि तिघांनी एका सुरात शाप म्हटला. मग ते होकारासाठी थांबले.

कृत्तिका गप्प राहिली.

राजगुरूंना वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. अमात्य हळूच म्हणाले की पोरगी वाटेने दमली असेल, पुन्हा म्हणावं. दुसऱ्यांदा म्हटलं. चौकात एक पान हललं नाही. छपरांच्या कडेला पक्षी येऊन बसू लागले होते, आणि एकही पक्षी घर विचारत नव्हता.

"कृत्तिके," आजीराणी म्हणाल्या, "आम्ही तुला शिकवलं ते यासाठी नव्हे."

"यासाठीच शिकले मी, आजीराणी."

"आम्ही सगळ्यांनी होय म्हटलं. आमच्या सासवांनी म्हटलं. तू कोण लागून गेलीस?"

कृत्तिकेला यावर पुष्कळ बोलायचं होतं. वाटभर तिने ते पाठ केलं होतं. पण बकुळा आता जमिनीपासून हातभर वर होती आणि वेळ नव्हता. तिघांनी तिसऱ्यांदा शाप म्हटला, सगळ्यांत मोठ्याने.

"नाही," कृत्तिका म्हणाली.

चौकातल्या लोकांनी हा शब्द दरबारात कधी ऐकला नव्हता. काहींनी वर पाहिलं, छप्पर जातं का म्हणून.

"ही हलणार नाही. वेणूमावशीच्या घरी राहील. बाप शोधायला मी जाईन. तो सापडेल, बोलेल, तेव्हा मिठागरावर येऊन लेकीला भेटेल, आणि कधी कुठे जायचं ते ही पोर आणि तिची माणसं मिळून ठरवतील. तिच्यावर माया करणारी दोन दारं असली तर छपरं उडत नाहीत. मी होय म्हणणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. माझ्या जागी दुसरी आणाल, तर तिच्याशी मी आधी बोलून ठेवीन."

"मग आम्ही काय करायचं?" नव्या घरची बाई गोंधळून म्हणाली. "आम्ही तर गोधडी धुऊन ठेवलीय."

"ठेवा," कृत्तिका म्हणाली. "लागेल."

तळघराचं दार आतून उघडलं. सावल्यांच्या वळकट्या आपोआप सुटत, पायऱ्या चढत वर आल्या, दुपारच्या उन्हात पसरल्या आणि आपापलं माणूस शोधू लागल्या. बकुळाच्या पायाशी एक सावली आली, मग दुसरी, आणि पोर हळूच खाली टेकली, अनवाणी, मिठाच्या खड्यांवर. वेणूने तिला उचललं आणि तिचं वजन लागून ती मागे कलली. छपरांवरून पक्षी उतरले. फरशीला पाय लागताच ते मुलं झाले. काही लहान, काही आता चांगले बाप्ये, काही केस पिकलेले. गर्दीतून नावं ऐकू येऊ लागली. सांभाळणाऱ्या घरांपैकी कोणी नाव विसरलं नव्हतं; नियमाने फक्त ते घ्यायला बंदी होती. कृत्तिकेच्या पायांना एकाएकी चौकभर लांब सावली येऊन चिकटली. तिने वाळे काढून बाजूला ठेवले.

एकाही घराचं छप्पर हललं नाही.

अमात्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग राजगुरूंकडे. राजगुरूंनी शापाचा पहिला शब्द आठवून पाहिला. ओठ हलले, शब्द आला नाही. आजीराणींनी काठी उचलली, पण आपटली नाही. पक्ष्यांतून माणूस झालेली एक पिकल्या केसांची बाई त्यांच्यासमोर येऊन उभी होती आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारत होती, "का?"