हा दगड घासायचा नाही

पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. काल वाळूवर सांडलेला अन्नाचा चुरा आज सकाळीही तसाच पडून होता आणि त्याला वास यायला लागला होता. एका घरातल्या काचेच्या समुद्रात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत, राहणाऱ्या कोळंबीच्या ते लक्षात आलं. मुलांनो, ही कोळंबी भारी घाबरट. बुडबुडा फुटला तरी दचकून आपल्या घरात, म्हणजे एका गुलाबी प्रवाळाखाली, लपायची.

त्या समुद्राची एक रीत होती. रोज सगळ्यांनी मिळून दगड घासायचे, पांढरेशुभ्र होईपर्यंत. पट्टेरी मासा त्यांचा मुकादम. कोळंबी चाचरत त्याला म्हणाली, "दादा, दगडावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. नाना तऱ्हांचे. आपली घाण तेच खातात, आणि आपण त्यांनाच घासून टाकतोय."

"न दिसणारे?" खेकडा हसला. "मग तुला बरे दिसले, दचकोबाई."

पुढे पाणी गढूळलं, प्रवाळ फिका पडून आकसू लागला. तेव्हा कोळंबी न घासता उरलेल्या एका तपकिरी दगडावर जाऊन बसली. "हा दगड कुणी घासायचा नाही." मासा अंगावर धावून आला. ती दचकून उडाली, आणि परत तिथेच येऊन बसली. "दचकेन मी. पण हलणार नाही."

पेटीत मधोमध एक आडवी काच होती. तिच्यापलीकडे दुसऱ्या, जुन्या पेटीतून आणलेला एक दगड वेगळा ठेवला होता, आणि त्यावर एक गोगलगाय. कोळंबीने काचेवर टकटक केली. "ताई, तुमच्याकडचे न दिसणारे जीव आम्हांला हवेत. पण दगडात कुणी चावरं लपलेलं नाही ना, ते आधी बघाल?"

उत्तर आलं नाही, पण गोगलगाय दगडाच्या एकेका भोकात डोकावू लागली. कोळंबी हाका मारत राहिली. इकडे माशाला धाप लागली. "वाट कसली बघायची? तो अख्खा दगड आत्ताच आत ओढा."

"नाही," कोळंबी म्हणाली. "काल तुम्हांला एकही जीव नको होता, आज वाटेल तो चालतोय. गोगलगायताई भोक न् भोक तपासतेय. ती हो म्हणेल तेव्हाच, आणि तेही थोडे थोडे." तिने पुन्हा काच वाजवली.

तेवढ्यात पलीकडून सावकाश आवाज आला, "ऐकलं गं केव्हाच. एक चावरा किडा सापडला, त्याला इथेच ठेवलाय. मी काचेच्या वरच्या कडेवरून येते. माझ्या शंखावर तुझे न दिसणारे पाहुणे आहेत, थोडेसेच."

तात्पर्य एवढंच : जे दिसत नाही त्याच्यावरही घर उभं असतं, ते पुसू देऊ नका, आणि नव्याला आत घ्याल तेव्हा पारखून, हळूहळू घ्या.