रिकाम्या घराला हरकत

चिरमुले वकीलबाई गेल्या. समलिंगी म्हणून, तृतीयपंथी म्हणून घरच्यांनी हाकललेल्या पोरांचे खटले त्यांनी जन्मभर फुकट लढवले आणि जाताना आपला बंगलाही त्यांच्याच निवाऱ्यासाठी ठेवला. शोकसभेत नगरसेवक निकमांनी आधी डोळे पुसले, मग माइक ओढला.

"बाईंचं काम थोरच. पण बंगला वाचनालयाला द्या. असला माणूस आमच्या वॉर्डात एकही नाही."

वकीलबाईंबरोबर सगळा संसार केलेल्या शालनताई उठल्या. "मग घर रिकामंच राहील, साहेब. रिकाम्या घराला हरकत कसली?"

"शेजारच्या वॉर्डातून येतील ना."

शेजारच्या वॉर्डाचे नगरसेवक खराडे पहिल्याच रांगेत होते. शालनताई त्यांच्याकडे वळल्या. "खराडेसाहेब, तुमच्याकडचे येतील म्हणतायत हे."

खराडे ताडकन उठले. "आमच्याकडेही एकही नाही."

"मग मिटलंच," शालनताई म्हणाल्या. "दोघांनी भरसभेत सांगितलंय. उद्या दार उघडते."

दिवाळीपर्यंत घर भरलं. आता तक्रार करायची, तर ही माणसं कुठल्या वॉर्डातली ते आधी सांगावं लागेल. दोन्ही नगरसेवक अजून एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.