ठकूबाईच्या वृंदावनातला सब्जा

काळखडीच्या मोरभट उपाध्यांनी ठकूबाईच्या अंगणात, सगळ्या आळीदेखत, सब्जाच्या झाडाला साष्टांग दंडवत घातला. भाविकहो, हे आपण ऐकलंच नाही असं समजू या. दंडवत अजून घडायचा आहे, आणि आत्ता कुणी मोरभटांना तसं सांगितलं, तर ते पळी-पंचपात्र फेकून मारतील.

त्या साली निवांतस्वामी महाराज काळखडीला, गावाबाहेरच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. महाराज फार बोलत नसत. कुणी गाऱ्हाणं आणलं की "बरं" म्हणत, आणि बहुतेकांचं तेवढ्यानंच भागत असे.

गावात ठकूबाई नावाची एकटी विधवा होती. लोकांची दळणं दळून पोट भरी. एका उन्हाळ्यात तिची तुळस वाळली, आणि त्याच वृंदावनात आपोआप एक कोंब वर आला. माझी तुळसच माघारी आली म्हणून बाई हरखली. रोज पाणी, रोज दिवा. तुळशीच्या डोक्यावर मंजिऱ्यांचा भार ठेवायचा नसतो, म्हणून रोज सकाळी मंजिऱ्या खुडून देवाला वाहायची. खुडून खुडून ते झाड वाळायचंच विसरलं. तीन कार्तिक मोरभटांनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं खड्या आवाजात म्हटली आणि बाळकृष्णाशी त्याचं लग्न लावलं.

मग चैत्रात हळदीकुंकवाला मोरभटांच्या विहीणबाई आल्या. जाता जाता त्यांनी वृंदावनातलं एक पान चुरगळून हुंगलं.

"अगंबाई! ही कुठली तुळस? हा तर सब्जा! याचं बी आम्ही सरबतात घालतो की!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावरून कुणीतरी ओरडलं, "भटजी, नवरी सरबतात गेली हो!"

मोरभटांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीनदा! तीनदा आपण एका सरबताला "शुभमंगल सावधान" म्हटलं! हा दोष कुठंतरी ठेवायलाच हवा होता, आणि स्वतःच्या अंगावर तर जागा नव्हती. ते तडक ठकूबाईच्या दारी गेले.

"ठके, देवाला फसवलंस! मला फसवलंस!"

"भटजीकाका, अक्षता तर तुम्हीच टाकल्यात..."

"नवरीचं तोंड निरखून बघणं हे भटजीचं काम नव्हे! उद्या दिवस मावळायच्या आत हे झाड उपटलं नाहीस, तर तुझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. तुझ्या नवऱ्याच्या श्राद्धालासुद्धा!"

बाई पांढरीफटक पडली. झाड ठेवावं तर नवरा उपाशी, उपटावं तर देवाचा संसार मोडतो. ती रडत महाराजांच्या पायाशी गेली. महाराज म्हणाले, "तू नको उपटूस. ज्याला उपटायचंय तो येईल."

दुसऱ्या दिवशी मोरभट खळ्यावर आपला गव्हाचा वाटा आणायला गेले. उपणणी चालली होती. वाऱ्यानं ऐन वेळी तोंड फिरवलं आणि गव्हाचं एक कुसळ त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरलं.

मोरभट खाली बसले ते उठेनात. पापणी लवली की सुरी फिरे. एकानं निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, डोळा आणखी सुजला. दुसऱ्यानं पानओव्याचा रस पिळला, भटजी दोन हात उडाले. एक बाई वाटलेला पुदिना घेऊन धावत आली. त्यात मिरची आहे हे तिला वेळेत आठवलं, हीसुद्धा महाराजांचीच कृपा!

दुपार कलली तसा डावा डोळाही पहिल्याच्या दुःखात मिटला. पोथी दिसली नाही तर आपण कोण? पंचांग दुसऱ्याकडून वाचून घेणारा भटजी! हात धरून त्यांना महाराजांकडे नेलं.

"महाराज, डोळा जातो हो माझा!"

"बरं," महाराज म्हणाले आणि उठून उभे राहिले. "पण दिवस मावळायला आलाय. आधी ते झाड उपटून टाकू."

अंगणात सगळी आळी जमली. ठकूबाई वृंदावनाला टेकून उभी होती. महाराजांनी शेजारच्या अंगणातली तुळस आणि हा सब्जा, दोन्हींची एकेक डहाळी मोरभटांच्या हातात ठेवली.

"यातली तुळस कोणती?"

मोरभटांनी बोटं फिरवली. इकडं दांडा चौकोनी, तिकडंही चौकोनी. हुंगावं तर डोळ्यांबरोबर नाकही वाहत होतं.

"ही... नव्हे, ही."

"तुळस, सब्जा, मरवा, पुदिना, सगळ्या एका कुळातल्या बहिणी. तुम्ही नवरीच्या बहिणीवर अक्षता टाकल्यात. देवानं तक्रार केली?"

"नाही, महाराज."

"मग उपटा."

मोरभट चाचपडत वाकले. बुंधा मुठीत आला. तेवढ्यात कानाशी ठकूबाईचा आवाज आला, रडून बसलेला. "भटजीकाका, सकाळी पाणी घातलंय. माती सैल असेल. तुम्हाला जोर लागायला नको."

मोरभटांची मूठ थांबली. काल आपण हिच्या मेलेल्या नवऱ्याचं जेवण तोडलं, आणि ही आपल्या हाताला कष्ट पडू नयेत म्हणून बघते! मूठ सुटली. मान आपोआप खाली गेली आणि कपाळ पानांना टेकलं. त्याच क्षणी पापणी किलकिली झाली आणि दुखऱ्या डोळ्यात काहीतरी बारीक, गार असं टपकलं.

"चोळू नका. मिटून बसा," महाराज म्हणाले.

लोक झाडाकडे बघतच राहिले. सकाळी खुडून मोकळ्या केलेल्या शेंड्यांवर वाळलेल्या मंजिऱ्या डुलत होत्या, आणि त्यांतून काळं बी टपटपत होतं!

पापणीखाली बी फुगलं. त्याच्याभोवती बुळबुळीत, थंड लुगडं तयार झालं. त्यात गुरफटून कुसळ हळूहळू कोपऱ्याकडे सरकलं, सासरी निघालेल्या मुलीसारखं, फक्त न रडता. ठकूबाईनं पदराच्या टोकानं ते अलगद टिपलं.

मोरभटांनी डोळा उघडला. आधी एक चौकोनी दांडा दिसला, मग ठकूबाई, मग महाराज. मग काहीच दिसेना, कारण डोळे पुन्हा भरून आले होते.

आणि भाविकहो, आता घडला तो दंडवत! साष्टांग, मातीत नाक खुपसून. पारावरून ओरडणाऱ्यानंही हात जोडले.

"ठकूबाई, श्राद्धाला मी येईन. न बोलावता येईन," मोरभट मातीतूनच म्हणाले. मग गुडघ्यांवर उठून, घसा साफ करून, त्यांनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाकडे तोंड केलं.

"वरपक्षास नम्र विनंती की, मागील तिन्ही विवाह वधूच्या नावात दुरुस्ती करून मूळ मुहूर्तांपासून कायम धरण्यात यावेत. तसेच अर्जदाराचा आजचा नमस्कार पहिल्या विवाहाच्या दिवसापासून घातला असे समजण्यात यावे, आणि तसा लेखी खुलासा सूर्यास्तापूर्वी अर्जदारास मिळावा."