बाहेर ठेवलेलं टोक

विहिरीवरच्या बाभळीला काट्यांपेक्षा घरटी जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. सुगरणी घरटं विणताना गवताचं शेवटचं टोक मुद्दाम बाहेर ठेवत. त्यावरून कुणीही वीण शिकावी, फाटलं तर शेजारणीने सांधावं.

चिमी सुगरणीने सगळ्यांत देखणं घरटं विणलं, पण टोक आत दडवून वरून चिखल लिंपला. म्हणाली, "माझी वीण कुणी का उचलावी?"

म्हातारी भागा सुगरण हसली. "अगं, तू शिकलीस ती माझ्याच घरट्यावरून ना?"

पुढे वावटळीत चिमीचं घरटं फाटलं. शेजारणी धावल्या, पण वाळलेल्या चिखलाखालचं टोक चिमीलाही सापडेना.

आज दोघीही नाहीत. भागाची वीण घरट्याघरट्यात झुलते. चिमीची फार देखणी होती म्हणतात. कशी होती, ते कुणालाच सांगता येत नाही.