करवलीच्या गालावरचं वांग

“बाबा, माझ्या लेपाहून जहाल काही नाही का तुमच्याकडे?”

मठीच्या पायरीवर वहाणा काढायच्या आधीच त्रिंबकने विचारलं. ना नमस्कार, ना रामराम.

धोंडबाबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. कोयनेकाठच्या त्या मठीत ते एकटेच राहायचे आणि आल्यागेल्याला औषध द्यायचे. त्रिंबक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. घराणं तांबटाचं. पोरगा हुशार, हाताला चलाख. पण तोरा असा की विचारू नका! गावात दवाखाना थाटून वर्ष झालं नव्हतं, तोवर स्वतःला वैद्यराज म्हणवून घ्यायला लागला होता.

“कुणासाठी?” बाबांनी विचारलं.

त्रिंबकने मागे हात केला. पायरीखाली एक बाई उभी होती. पदर नाकावरून ओढून घेतलेला, नुसते डोळे दिसत होते.

“ही येसू. आमच्याच गावची. हिच्या घरची चुरमुऱ्यांची भट्टी आहे. गालांवर वांग आलंय, काळे डाग. चार दिवसांवर भावाचं लग्न आहे हिच्या.”

“मग?”

“मी शब्द दिलाय, बाबा. हळदीच्या दिवशी तोंड लख्ख करून देतो म्हणून. चारचौघांत दिलाय.”

बाबांनी हातातल्या शेंगा ठेवल्या.

“वर ये, पोरी. पदर काढ.”

येसूने पदर काढला... आणि मान खाली घातली.

दोन्ही गालांवर काळसर चट्टे होते. डावीकडचा जास्त गडद. त्याच्यावर कातडं सोलवटून लालभडक झालेलं.

बाबांनी वाकून दोन्ही गाल निरखले.

“कधी आलं हे?”

“धाकटी पोटात होती तवा. मग भट्टीवर बसाय लागले, तसं वाढतच गेलं.”

“भट्टीचं तोंड कोणत्या हाताला येतं तुझ्या?”

“डाव्या.”

त्रिंबक पुढे वाकला. डावा गाल आणि उजवा गाल यांत फरक आहे, हे त्याला आत्ता दिसत होतं. इतके दिवस गाल त्याच्याच हातात होता!

“आणि हे सोललेलं?”

“ते... वैद्यांनी घासलं.”

बाबा त्रिंबककडे वळले. “काय लावलंस?”

“चिंच, लिंबू, मीठ. काथ्याने चोळायचं आणि उन्हात वाळवायचं.” त्रिंबकने छाती पुढे काढली. “आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, बाबा. कसलाही काळा थर असो, निघतो म्हणजे निघतो.”

“भांड्यांचा.”

“हो, पण निघतो ना!”

बाबा आत गेले. कोपऱ्यात पडलेला काळाकुट्ट तांब्या आणून त्यांनी त्रिंबकपुढे ठेवला. चिंच ठेवली, काथ्या ठेवला.

त्रिंबक खूश. बाह्या सारून बसला. बघता बघता तांब्या असा झळकला की त्यात ओटा दिसायला लागला.

“वा!” बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग त्यांनी खुंटीवरच्या घडातलं एक पिवळंधमक केळं तोडलं. सालीवर एक बारीकसा डाग होता.

“आता हा काढ.”

“केळ्यावरचा?”

“हात चांगला आहे तुझा. काढ की.”

त्रिंबकने चिंच लावली, काथ्याने चोळलं. पुसून बघितलं, पुन्हा चोळलं.

“फिका पडलाय जरा,” तो म्हणाला.

बाबांनी केळं कोनाड्यात ठेवून दिलं.

येसूला त्यांनी निंबाच्या सावलीत बसवलं. ओलं फडकं गालावर ठेवायला दिलं. गार लागलं तशी तिने डोळे मिटले. किती दिवसांत कुणी तिच्या गालाला हळू हात लावला नव्हता. मग पिठलं-भाकरी झाली. बाबा जरा लवंडले. त्रिंबकची मात्र चुळबुळ चाललेली. लेपाचं नावच निघत नव्हतं.

ऊन कलल्यावर बाबांनी केळं काढून त्याच्या हातात दिलं.

डाग होता तिथेच होता. पण जिथे जिथे काथ्या फिरला होता, तिथे तिथे साल काळी ठिक्कर पडली होती.

“हे... सकाळी एवढं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मी तर साफ करत होतो.”

“तांब्याला दुखत नाही, त्रिंबक.”

त्रिंबकने केळ्याकडे बघितलं, येसूच्या गालाकडे बघितलं... आणि त्याचा चेहराच पडला. लाज वाटली त्याला, खरीखुरी.

“येसूताई, चुकलं माझं,” तो म्हणाला. मग हळूच, “बाबा, औषध काय हिला?”

“सावली. भट्टीपासून लांब, बाजू बदलून बसायचं. गार पाणी, कोरफडीचा गर. आणि घासायचं नाही, कुणी काही सांगो.”

“किती दिवसांत जाईल?”

“आलं तसंच जाईल. सावकाश. थोडं राहीलसुद्धा.”

“आन् लगीन?”

येसूचा बांधच फुटला. “आई न्हाई आम्हाला, बाबा. कडंवर घेऊन वाढवलाय मी त्याला. त्याच्या मागं करवली म्हणून पाण्याचा करा धरून चालायचा मान माझा. पर ह्या तोंडानं कशी चालू? भर बाराचा मुहूर्त, मारुतीपासनं मांडवापर्यंत सगळा गाव बघणार. मावसबहिणीला सांगून टाकलंय मी... तूच धर म्हणून.”

“भाऊ आमंत्रणाची अक्षत घेऊन आला होता?”

“आला की. पयली मलाच दिली.”

“तुला दिली, की तुझ्या गालाला?”

येसू मग रडता रडता फिस्सकन हसली. पदराने डोळे पुसले. पदर पुन्हा तोंडावर ओढला नाही.

“धरते,” ती म्हणाली. “माझा मान मी कशाला सोडू?”

“पण बारा वाजताचं ऊन वाईट,” असं म्हणत बाबा उठले. आढ्याला अडकवलेली जुनी काळी छत्री त्यांनी काढली, झटकली आणि त्रिंबकच्या हातात दिली.

“ही हिच्या डोक्यावर धरायची. मारुतीपासून मांडवापर्यंत. तू.”

“मी?” त्रिंबक ताडकन उठला. “करवलीच्या मागे छत्री धरून चालू? अहो बाबा, अख्खं गाव हसेल! विचारतील, काय वैद्यराज, चारचौघांत शब्द दिला होता ना? औषध कुठाय?”

बाबांनी शेंगांचं सूप पुढे ओढलं.

“सांग... हातात धरलंय.”